घड्याळाकडे बघणारा म्हातारा : हा चित्रपट कुठला आणि त्याचा शेवट काय?

राजांगण | शुक्रवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. एक जुना चित्रपट ओळखून हवा आहे.

साल १९८६ किंवा ८७, दिवस पावसाळ्याचे. मी नऊ-दहा वर्षांचा होतो. आमचं घर गोव्यात, बोरीला. टीव्ही आमच्याकडे नव्हता, शेजारच्यांकडे होता. ब्लॅक अँड व्हाइट, सरकत्या लाकडी शटरचा, चार पायांवर उभा. अँटेना माडाला बांधलेला, त्यामुळे वारा सुटला की चित्र हलायचं आणि कोणीतरी बाहेर जाऊन ओरडायचं, "आता दिसतं?" अर्धा वाडा त्या चौकीत बसलेला असे. आजीला मात्र खुर्ची.

त्या संध्याकाळी दूरदर्शनवर एक फार जुना चित्रपट लागला होता. आठवतं ते असं :

एका तरुण मुलीचं म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेलं असतं. ती त्याला नवरा मानायला तयार नसते. घरात भिंतीवर एक मोठं घड्याळ, आणि म्हातारा सारखा त्या घड्याळाकडे बघतो. एकदा तो आरशासमोर मिशा काळ्या करत असतो. मुलगी ग्रामोफोन लावून गाते. आणि एकदा ती चक्क इंग्रजी गाणं म्हणते. हे मला पक्कं आठवतं, कारण आम्ही सगळी पोरं गप्प झालो होतो.

शेवट जवळ आला असणार, कारण म्हाताऱ्याचा चेहरा पार बदललेला होता. तेवढ्यात लाइट गेली. पावसात गेलेली लाइट रात्रभर यायची नाही. चिमणी लावली आणि पुढची गोष्ट आजीनं अंधारात सांगितली. म्हातारा शहाणा होतो, मुलीला गाडीत बसवून माहेरी पोचवतो आणि तिला शाळेत घालतो.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. चित्रपट कुठला? आणि आजीनं सांगितला तोच शेवट आहे का?

भाषा मराठी होती असं वाटतं, कारण आजी गाणी सोबत म्हणत होती. आजी १९९४ मध्ये गेली.

माशेलची_लेक | रात्री १०.०५

गोष्ट तर थेट 'संगीत शारदा'ची वाटते. आमच्या देवळाच्या उत्सवात किती वेळा पाहिलं असेल! म्हातारा भुजंगनाथ, त्याच्याशी लग्न ठरलेली कोवळी शारदा. त्यावरून केलेला चित्रपट असेल का?

सोळा_एमएम | रात्री १०.२०

शारदा नव्हे. शारदेत लग्न लागतच नाही. वधूवर सगोत्र निघतात, लग्न मोडतं आणि पुढे कोदंड तिच्याशी लग्न करतो. राजांगण यांच्या गोष्टीत लग्न लागलेलं आहे आणि सगळं नाट्य त्यानंतरचं आहे.

हा प्रभात फिल्म कंपनीचा 'कुंकू' आहे. १९३७, दिग्दर्शक व्ही. शांताराम. मुलगी म्हणजे शांता आपटे, म्हातारा केशवराव दाते. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून. इंग्रजी गाण्याचा उल्लेख आला तिथेच शंका संपली. ती लाँगफेलो या अमेरिकन कवीची कविता आहे, शांताबाईंनी स्वतः गायलेली. १९३७ च्या मराठी पडद्यावर नऊवारीतली मुलगी इंग्रजी कविता गाते, आणि तीही असं सांगणारी की मुक्या जनावरासारखं हाकलं जाऊ नका. असा प्रसंग दुसऱ्या कुठल्या चित्रपटात मला तरी आठवत नाही.

घड्याळही बरोबर. ते जुनं घड्याळ म्हणजे काकासाहेबांचं, त्या म्हाताऱ्या नवऱ्याचं, वयच. टिकटिक ऐकून त्यांना जे कळतं ते माणसांच्या बोलण्यातून कळत नाही.

प्रभातप्रेमी | रात्री १०.३२

'कुंकू'च. शंभर टक्के. ती मुलगी सावत्र मुलाला छडीनं झोडपते तो प्रसंग आठवतो का?

राजांगण | रात्री १०.४५

आठवतो! आजी खुर्चीत पुढे सरकून बसली होती.

सोळा एमएम, मनापासून आभार. इतकी वर्षं हे डोक्यात होतं. पण एक खटकतं. तुम्ही लिहिलंत तसं शोधलं तर मुलीचं नाव नीरा असं दिसतं. माझ्या कानात 'निर्मला' आहे. आजी मात्र नीराच म्हणत होती. आम्हाला वाटलं, ती नाव विसरली.

सोळा_एमएम | रात्री ११.१०

आजी विसरल्या नव्हत्या. तुम्ही पाहिलात तो हिंदी अवतार, 'दुनिया न माने'. प्रभातनं एकाच वेळी दोन्ही भाषांत चित्रपट केला. तेच मुख्य कलाकार, तेच घर, तेच घड्याळ. मराठीत नीरा, हिंदीत निर्मला. दूरदर्शनच्या राष्ट्रीय प्रसारणावर लागला असेल तर हिंदीच असणार. म्हणजे पडद्यावर गाणं हिंदीत चालू होतं आणि आजी शेजारी तेच मराठीत म्हणत होत्या. तुमच्या आठवणीत मराठी भाषा आली ती पडद्यावरून आलेली नाही, आजींच्या तोंडून आलेली आहे.

आजींना गाणी पाठ कशी, हे विचारावंसं वाटतं. त्यांच्याकडे चित्रपटाच्या गाण्यांची पुस्तिका होती का?

फिडल_मडगाव | शनिवार, सकाळी ७.१५

सकाळी उठून धागा वाचला, राहवत नाही म्हणून लिहितो. वादक माणूस आहे, त्यामुळे कानाचं सांगतो.

'कुंकू' पाहताना एक गोष्ट लक्ष देऊन ऐका. पार्श्वसंगीत नाही. रडताना व्हायोलिन नाही, घाबरताना ढोल नाही. ऐकू येतात ते खरे आवाज : घड्याळाचे टोले, पावलं, दारं. गाण्याला साथ असते ती पडद्यावर दिसणाऱ्या वस्तूंची, जशी त्या ग्रामोफोनची. संगीत केशवराव भोळ्यांचं. बोलपट येऊन पाच-सहा वर्षंच झाली होती आणि इतक्यात या माणसांना समजलं होतं की शांतता हेसुद्धा संगीत असतं. पुढे हिंदी चित्रपटात मोठमोठे वाद्यवृंद आले. त्यांत आमच्या गोव्याचे किती वादक होते हे मी सांगायला नको. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, हळदोण्याचा चिक चॉकलेट, शंकर-जयकिशनांचे सेबास्टियन डिसोझा. त्या सुरांवर माझं पोट आणि जीव दोन्ही वाढलं. तरीही सांगतो, 'कुंकू'मधल्या टोल्यांइतकं अंगावर येणारं मी थोडंच ऐकलं आहे.

दुसरं, टीव्हीवर ऐकलेला शांताबाईंचा आवाज खरा नव्हता, थोडा चढा होता. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. आपलं दूरदर्शन ६२५ रेषांचं आणि सेकंदाला २५ चित्रांचं. तो मेळ बसवायला चित्रपट २५ नं पळवत. अडीच तासांचा चित्रपट सहा मिनिटं आधी संपायचा, आणि आवाज जवळजवळ अर्ध्या सुरानं वर जायचा. आजींनी थिएटरात ऐकलेलं गाणं त्यांच्या मनात खालच्या पट्टीत असणार, टीव्हीवर ते वरच्या पट्टीत. त्या सोबत म्हणत होत्या तेव्हा सूर जुळत होता का, आठवतं?

राजांगण | सकाळी ८.३०

नव्हता जुळत. आम्ही पोरं हसत होतो. आई आमच्यावर डोळे वटारत होती.

हे वाचून मी थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

पुस्तिकेचं विचारलंत. हो! आजीच्या ट्रंकेत एक पातळ, पिवळी पडलेली पुस्तिका होती, त्यात गाणी छापलेली. लहानपणी हातात घेतल्याचं आठवतं. आता कुठे आहे माहीत नाही. वाळवीनं आमच्या घरातलं बरंच खाल्लं.

सोळा_एमएम | सकाळी ९.००

मग सगळं जुळलं. थिएटराबाहेर या पुस्तिका आण्या-दोन आण्यांना मिळायच्या. गाणी पूर्ण, कलाकारांची नावं, आणि कथासार. पण कथासार नेहमी अर्धवट. ऐन मोक्याला थांबायचं आणि खाली लिहिलेलं असायचं : पुढे काय होते ते पडद्यावर पाहा. माझ्याकडे चाळीसेक आहेत, एकातही शेवट नाही.

आता शेवटाबद्दल. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढचं वाचू नये.

आजींनी सांगितला तो शेवट चित्रपटाचा नाही. काकासाहेबांना आपली चूक उमगते हे खरं. पण ते मुलीला माहेरी पोचवत नाहीत. ते जीव देतात, आणि मागे पत्र ठेवतात की तू मोकळी आहेस, योग्य माणसाशी लग्न कर. माहेर तर तिला नव्हतंच. ज्या मामानं पैशांसाठी तिला फसवून या घरात लोटलं, तो कुठलं माहेर देणार?

रविवारदुपार | सकाळी ९.४०

मला हा शेवट कधीच पटला नाही. नीरा चित्रपटभर स्वतःच्या बळावर उभी असते, आणि सुटका मात्र म्हाताऱ्याच्या मरणानं होते. म्हणजे तिच्या लढ्याला कायद्यानं, समाजानं काहीच दिलं नाही. आजींचा शेवट मला जास्त आवडला. शाळा!

प्रभातप्रेमी | सकाळी १०.१०

१९३७ चं साल धरून बघा. ब्रिटिश हिंदुस्थानात बालविवाह रोखणारा शारदा कायदा १९२९ चा, पण त्यात मुलीचं वय १४ एवढंच. जरठ-कुमारी विवाहाला त्यानं आळा बसत नव्हता. गोवा तर पोर्तुगीजांकडे, तो कायदा इथे लागूच नव्हता. घटस्फोट हा शब्द तिच्यासारखीच्या तोंडी आला असता तर प्रेक्षागृह उठून गेलं असतं. त्या चौकटीत राहून शांतारामांनी नवऱ्याकडूनच 'पुन्हा लग्न कर' लिहून घेतलं. मला तरी ते धाडस वाटतं. शिवाय विधवा सावत्र मुलगी नीराच्या बाजूनं उभी राहते, हे विसरू नका. ती भूमिका शकुंतला परांजप्यांची, ज्यांनी प्रत्यक्ष आयुष्यात कुटुंबनियोजनाचं काम केलं.

रविवारदुपार | सकाळी १०.२५

धाडस मान्य. पटणं वेगळं. मी माझ्या मतावर आहे.

माशेलची_लेक | सकाळी ११.००

मला वाटतं आजींनी दोन गोष्टी एकत्र केल्या असतील. फोंडा महालातल्या बायका उत्सवाच्या रंगमंचावर शारदा बघत मोठ्या झाल्या. तिथे मुलगी त्या लग्नातून सुटते. तोच शेवट मनात राहिला असेल.

एल_मोंत | दुपारी १२.१५

विषय निघालाच आहे तर विचारतो, जुने मराठी चित्रपट गोव्यात कुठे लागायचे? मी वास्कोचा, आमच्याकडे एल मोंत. पणजीत सिने नॅशनल, एल दोरादो, नंतर सम्राट-अशोक. म्हापशाला अलंकार, एल कापितान. मडगावला लता, विशांत, मेट्रोपोल. दिवाळीत नवा हिंदी, आणि मधल्या आठवड्यात सकाळच्या खेळाला जुनं मराठी किंवा कोंकणी. 'निर्मोण' मी असाच पाहिला, १९६६ चा. पुढल्याच वर्षी त्यावरून हिंदीत 'तकदीर' आला. आमच्या घरी सगळी कोंकणी बोलणारी, पण आई मराठी चित्रपटाला हमखास जायची आणि येताना सगळी गोष्ट शेजारणीला सांगत यायची. शेजारीण कधीच थिएटरात गेली नाही, तरी तिला सगळे चित्रपट माहीत होते.

फिडल_मडगाव | दुपारी १२.४०

विशांतचा बाल्कनीचा जिना! पण त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे मीही खूप लिहीन. इथे मला राजांगण यांच्या आजीचं ऐकायचं आहे.

राजांगण | शनिवार, रात्री १०.५०

दुपारी आत्याला फोन केला. आत्या शिरोड्याला असते, ८१ वर्षांची. तिला इथलं सगळं वाचून दाखवलं. ती आधी काही बोलली नाही. मग म्हणाली, "आईनं तो सिनेमा पुरता पाहिलाच नव्हता."

तिनं सांगितलं तसं लिहितो.

आजीचा मोठा भाऊ बेळगावला नोकरीला होता. आजीचं लग्न ठरलं तेव्हा ती पंधरा वर्षांची, आणि आजोबा बिजवर, अडतीस वर्षांचे. आधीच्या बायकोची दोन मुलं घरात. लग्नाआधी खरेदीसाठी आजीला बेळगावला नेलं होतं. भावानं कौतुकानं सिनेमा दाखवायला नेलं. प्रभातचा सिनेमा, नाव 'कुंकू'. नावावरून त्याला वाटलं असेल की सवाष्णीची गोष्ट आहे, लग्न ठरलेल्या मुलीला दाखवायला चांगली. गोष्ट काय आहे हे त्याला आत बसल्यावर कळलं.

आत्या म्हणते, मामा, म्हणजे आजीचा तो भाऊ, बराच वेळ बसून राहिला. मग शेवटाकडे म्हातारा घड्याळाकडे बघत उभा असतो तिथे त्यानं आजीचा हात धरला आणि तिला बाहेर आणलं. रस्त्यात आजीनं विचारलं, पुढे काय झालं असेल? मामा म्हणाला, काय व्हायचं, म्हातारा शहाणा झाला, तिला गाडीत बसवून माहेरी पोचवून आला, शाळेत घातलं.

म्हणजे शेवट आजीचा नव्हता. तिच्या भावाचा होता. दोन महिन्यांनी त्यानंच तिला पाटावर आणून उभं केलं.

पुस्तिका त्यानंच घेऊन दिली होती. त्यात शेवट नव्हता, हे तुम्ही सकाळी लिहिलंत तेव्हा मला माहीत नव्हतं की ते इतकं लागेल. आणि जवळजवळ पन्नास वर्षांनी टीव्हीवर तोच चित्रपट समोर आला, तेव्हा नेमकी लाइट गेली.

माशेलची_लेक | रात्री ११.०५

डोळे भरून आले. माझा शारदेचा तर्क मी मागे घेते.

सोळा_एमएम | रात्री ११.२०

राजांगण, आजोबा कसे होते, विचारू का? नको असेल तर उत्तर देऊ नका.

राजांगण | रात्री ११.४०

विचारा, काही हरकत नाही. मी त्यांना पाहिलं नाही. आत्या म्हणते, अबोल पण प्रेमळ होते. आजी त्यांच्याबद्दल वाईट कधी बोलली नाही, चांगलंही फारसं नाही. १९५२ मध्ये वारले, तेव्हा आजी तीस वर्षांची. शाळेत ती गेली नाही. पण आत्या शाळेत जायला लागली तेव्हा तिच्या पाटीवर आजीनं अक्षरं गिरवली, आणि पुढे 'नवप्रभा' रोज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची, ते मी स्वतः पाहिलं आहे.

उद्या शिरोड्याला जातो. आत्या म्हणते, मला बघायचा आहे, पूर्ण.

फिडल_मडगाव | रात्री ११.५५

मराठी 'कुंकू'च लावा, यूट्यूबवर मिळतो. आणि एक करा. टीव्ही आताचा रुंद असेल तर चित्र ताणू देऊ नका, रुंदी-उंचीचं माप ४:३ वर ठेवा. जुने चित्रपट जवळजवळ त्याच मापाचे असतात, म्हणून तुमच्या त्या माडाच्या अँटेनावरच्या टीव्हीत तो अख्खा दिसला होता. रुंद पडद्यावर 'भरून' दाखवलं की डोकी कापली जातात, ताणलं की चेहरे पसरट होतात. दात्यांचा चेहरा पसरट झाला तर काही उरलं नाही. आणि आवाज थोडा मोठा ठेवा, आत्यांना टोले ऐकू यायला हवेत.

रविवारदुपार | रविवार, सकाळी ८.१०

मी काल रात्री पुन्हा पाहिला. शेवट अजूनही पटत नाही. पण नीरा त्या घरात पहिल्या दिवशी येते तेव्हाचा तिचा चेहरा पाहून या वेळी मला राजांगण यांच्या आजी आठवल्या, ज्यांना मी कधी पाहिलेलं नाही.

नोव्हेंबरात इफ्फीसाठी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी, पणजीला येणारे कोण कोण आहेत? २०२३ मध्ये तिथे 'श्यामची आई'ची दुरुस्त केलेली प्रत दाखवली, २०२४ मध्ये फाळक्यांचा १९१९ चा 'कालिया मर्दन' प्रत्यक्ष वाजवलेल्या संगीतासह. फाळक्यांची लहानगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे आणि सुरुवातीला नुसत्या चेहऱ्यानं एकेक भाव दाखवते. शंभर वर्षांपूर्वीची ती पोर माझ्याकडे बघून हसली असं वाटलं. 'कुंकू' तिथे मोठ्या पडद्यावर यावा, अशी माझी फार इच्छा आहे. आपण सगळ्यांनी मिळून पत्र लिहू या का?

एल_मोंत | सकाळी ८.३०

माझी सही धरा.

प्रभातप्रेमी | सकाळी ८.४५

माझीही. मसुदा मी करतो.

राजांगण | रविवार, संध्याकाळी ७.२०

पाहिला.

दुपारी जेवून अडीचला बसलो. आत्या, तिची सून, नात आणि मी. ४:३ वर ठेवला होता. बाहेर पाऊस होता, पण लाइट गेली नाही. मधे एकदा पंखा मंदावला तेव्हा आत्यानं माझा हात धरला.

गाणी लागली तशी आत्या सोबत म्हणू लागली. तिनं चित्रपट कधी पाहिलेला नव्हता. पाळण्यात ऐकलेली गाणी होती तिला ती, चित्रपटातली आहेत हे आज कळलं. सूर जुळत होता, फिडल मडगाव.

म्हातारा घड्याळासमोर आला तेव्हा आत्या म्हणाली, "इथून उठवलं आईला." मी थांबवलं आणि विचारलं, पुढे बघायचं ना? म्हणाली, "लाव."

पत्र वाचून झालं, चित्रपट संपला. आत्या बराच वेळ पडद्याकडे बघत होती. मग नातीनं विचारलं, पणजीला हा शेवट कोणीच कसा सांगितला नाही? आत्या म्हणाली, "सांगितला असेल कोणीतरी. एवढा गाजलेला सिनेमा. पण आम्हा पोरांना तिनं कायम मामाचाच सांगितला."

एक राहिलं. चहा झाल्यावर आत्यानं कपाटातून रुमालात गुंडाळलेली पुस्तिका काढली. आमच्या घरातली वाळवीनं खाल्ली असं मी समजत होतो, ती तिच्याकडे होती. मागचं पान फाटलं आहे, गाणी सगळी आहेत. कथासाराच्या खाली शाईनं दोन ओळी लिहिल्या आहेत, अक्षर मोठं, नुकतंच लिहायला शिकलेल्या माणसाचं : 'मग नीरा शाळेत गेली.' आणि खाली आजीची सही.

सोळा_एमएम | रात्री ८.००

राजांगण, त्या पुस्तिकेला प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. आपल्या हवेत आत ओल धरते. साधा कोरा, आम्ल नसलेला कागद मधे घाला आणि सुती कापडात गुंडाळून सपाट ठेवा, रुमाल होता तो बरोबरच होता. टेप लावू नका, फाटलेल्या पानालाही नाही. शक्य असेल तर नीट उजेडात प्रत्येक पानाचा फोटो काढा, आधी त्या शाईच्या ओळींचा. शाई पाण्यानं लगेच पसरते.

माशेलची_लेक | रात्री ८.१५

आत्यांना आवडलं असेल तर पुढच्या रविवारी प्रभातचा 'माणूस' दाखवा. मी शिरोड्याहून जवळच राहते. चालत असेल तर मीही येते, पातोळ्या घेऊन.

राजांगण | रात्री ८.४०

आत्या म्हणते, ये. हळदीची पानं इथे परसात आहेत, इथेच करू.